राजकन्या काय वाचत होती?

रविवार, ५ जानेवारी

चष्म्याच्या काचा पुरवणारी कंपनी दरवर्षी माझ्या दुकानाला एक डायरी पाठवते आणि आई तिच्यात दूधवाल्याचे खाडे मांडते. यंदा मी ती आधीच उचलली. आज अमरावतीला जे झालं, त्यातली माझी बाजू कुठेतरी लिहून ठेवायला हवी. दुसरी बाजू माझ्या बहिणीनं, रागिणीताईनं, एव्हाना निम्म्या अमरावतीला सांगितली असणार.

मुलगी पाहायला गेलो होतो. नाव प्राजक्ता. लहान मुलांचं वाचनालय चालवते, शनिवारी त्यांना गोष्ट सांगते. आईवडील ती लहान असतानाच गेले, आत्यानं वाढवली. आत्यांचं नाव माणिकबाई. स्थळ ताईनंच आणलं. तिचं सासर त्याच गल्लीत आहे.

पोहे झाल्यावर माणिकबाई म्हणाल्या, "पोट्टेहो, जा, गच्चीवर बोलून घ्या जरा." गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि जिन्यात ताई कान लावून उभी होती. मी दोन प्रश्न पाठ करून नेले होते. त्यांची वेळच आली नाही. तिनंच आधी विचारलं.

"एक राजकन्या आहे. राक्षसानं तिला बुरुजात कोंडलंय. त्याच खोलीत भिंतभर पुस्तकं. राजकुमार शिडी लावून वर पोचला, तेव्हा ती वाचत बसली होती. काय वाचत होती?"

मी म्हणालो, "गोष्टीत नाही सांगतलं काय?"

"गोष्ट माझीच आहे. मुलांना सांगितली, तर एका मुलीनं हात वर करून हेच विचारलं. मला सांगताच आलं नाही. तेव्हापासून भेटेल त्याला विचारते."

"मंग लोक काय म्हणतात?"

"हसतात."

मला हसायचं सुचलंच नाही. मी विचारलं, "खिडकी किती मोठी हाय?"

"कशाची?"

"बुरुजाची. उजेड किती येते त्याच्यावर हाय ना. बारीक अक्षराचं पुस्तक असन, तं आतापर्यंत चष्मा लागला असन तिले."

ती नाकावरचा चष्मा सावरत माझ्याकडे बघतच राहिली. मी काहीतरी फारच बावळट बोललो असणार. मग सावरून म्हणालो, "मले इचार करून सांगा लागन."

"सांगा," ती म्हणाली. "घाई नाही. ती बिचारी कुठं चाललीय?"

परत अकोल्याला येताना एसटीत आई म्हणाली, "पोरगी गोड हाय, पन परीक्षा घेते." बाबा खिडकीबाहेर तुरीचं पीक पाहत होते. मला वाटतं, 'घाई नाही' ही तिची नाही म्हणण्याची सभ्य रीत असावी.

सोमवार, ६ जानेवारी

खरं लिहायचं तर मी वाचत नाही. दुकानात जवळची नजर तपासायला एक कार्ड असतं. त्यावर नदीकाठच्या गावाचं वर्णन आहे आणि ओळीगणिक अक्षर बारीक होत जातं. हजारो लोकांना मी ते वाचायला लावलंय. मला ते तोंडपाठ आहे. माझं वाचन तिथं सुरू होतं आणि तिथंच संपतं.

पण दिवसभर दुकानात येतात ते सगळे वाचणारेच. म्हणून आज प्रत्येकाला विचारलं, काय वाचता? एक काका म्हणाले, औषधाच्या बाटलीवरचं. एक बाई म्हणाली, लग्नपत्रिका. कोणाचं नाव छापायचं राहिलं ते पाहायला. एका मास्तरांना राजकन्येबद्दल सांगितलं, तर त्यांनी माझ्याच डोळ्यांत वाकून पाहिलं.

जेवताना घरी विषय काढला. बाबा म्हणाले, "पंचांग वाचत असन. सुटका कवा हाय ते पाहाले."

आई म्हणाली, "काही बी बोलता तुमी. राक्षस सैपाक करते काय? कच्चंपक्कं आनून टाकत असन. ते पोरगी पाककृतीचं पुस्तक वाचून पोट भरत असन." आणि तिनं मला जास्तीची भाकरी वाढली, जणू मीच बुरुजात होतो.

आईच्या बोलण्यात तथ्य आहे असं मला वाटतं.

बुधवार, ८ जानेवारी

वाचनालयाचा सभासद झालो. अकोल्यात इतकी वर्षं राहून त्या दारात पहिल्यांदा पाय ठेवला. टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "कोणासाठी पाहिजे पुस्तक?"

तोंडून निघून गेलं, "राजकन्येसाठी."

"अरे वा. वय किती?"

"ते नाही सांगतलं त्यायनं."

त्यांनी मला बालविभागात नेलं आणि हत्तीचं चित्र असलेलं पुस्तक हातात दिलं. बाप असून पोरीचं वय माहीत नाही, असा चेहरा होता त्यांचा. मी तेही घेतलं. शिवाय एक खुनाचं, एक प्रवासाचं आणि एक खूप जाड, घराण्याबिराण्याचं.

रविवार, १२ जानेवारी

खुनाचं संपलं. राजकन्येला आवडणार नाही. बुरुजात संशयित एकच. कुणी केलं याची उत्सुकता राहीलच कशी?

प्रवासाचं अर्धं झालं. आधी वाटलं, हेच. कोंडलेल्या माणसाला डोंगर, समुद्र हवेसे वाटणारच. पण लेखक पानोपानी म्हणतो, "तुम्ही इथं एकदा यायलाच हवं." मी राजकन्या असतो तर ते पुस्तक खिडकीतून राक्षसाच्या डोक्यावर टाकलं असतं.

हत्तीचं चांगलं आहे. पुन्हा वाचलं.

मंगळवार, १४ जानेवारी

तिळगूळ वाटून दुकान उघडलं, तर फोन. प्राजक्ता! आत्याच्या चष्म्याबद्दल विचारायचं होतं म्हणे. वाचताना डोकं दुखतं, तुमचं मत काय? मी म्हणालो, तपासल्याशिवाय सांगता येत नाही. ती म्हणाली बरं. मग म्हणाली, "आणि राजकन्येचं कुठवर आलं?"

मी खुनाचं सांगितलं, प्रवासाचं सांगितलं. आईची पाककृती सांगितली तेव्हा ती इतकी हसली की मलाही हसू आलं. मग म्हणाली, "तुम्ही खरंच वाचून राहिले?"

"न वाचता कसं सांगू?" मी म्हणालो.

ती काही बोलेना. फोन कट झाला असेल म्हणून मी हॅलो हॅलो केलं.

फोन ठेवला तेव्हा कान गरम झाला होता आणि दोन गिऱ्हाइकं वाट पाहून निघून गेली होती. आत्यांचा आताचा नंबर काय, हे विचारायचं राहूनच गेलं. धंद्यात असं चालत नाही.

रविवार, १९ जानेवारी

त्या दोघी आज थेट अकोल्याला आल्या, आत्यांच्या चष्म्यासाठी! अमरावतीत चौकाचौकात चष्म्याचं दुकान आहे. तिथं काही संप वगैरे आहे का, असं मी विचारलं. प्राजक्ता म्हणाली, "कानावर तर नाही आलं."

आत्यांचे डोळे नीट तपासले. जुना नंबर अगदी बरोबर. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "आत्याबाई, तुमाले नव्या चष्म्याची गरज नाही."

माणिकबाई भाचीकडे पाहून म्हणाल्या, "बाई व! हा मानूस धंदा कसा करते?" तरी एक फ्रेम पसंत केलीच आणि वर घरात आईकडे गेल्या. ऊन कलेपर्यंत खाली उतरल्या नाहीत. आईची आणि त्यांची काय एवढी ओळख कोण जाणे.

खाली आमचं भांडण झालं. मी म्हणालो, "कविता नाही वाचनार राजकन्या. अर्धं पान कोरंच. भिंतभर पुस्तकं झाली तरी कवा ना कवा संपतीनच, मंग असं कोरं पान कोनाले परवडते?"

"म्हणूनच वाचेल," ती म्हणाली. "कविता संपत नाही."

"तुमाले काय माईत?"

ती फ्रेमांच्या काचेवर बोट फिरवत म्हणाली, "आत्याकडे आले तेव्हा मला माडीवरची खोली दिली होती. बाबांची पुस्तकं पेटीत घालून सोबत आणली होती. शाळेतून आलं की वर. आत्या हाका मारून थकायची, मी खाली यायची नाही. कोणी कोंडलं नव्हतं मला. मीच आतून कडी लावायची."

ती हे अगदी सहज बोलली. मी तिचा चष्मा मागितला आणि पुसून दिला. तो स्वच्छच होता.

बुधवार, २२ जानेवारी

ताईचा फोन. "बसला काय हातावर हात धरून? तिले पुन्याचं स्थळ आलं हाय. शेखर नाव. कंपुटरमधी हाय. रविवारी पाहाले येऊन राहिला."

मी म्हणालो, चांगलं आहे.

"चांगलं काय हाय त्याच्यात?" ताई ओरडली आणि तिनं फोन आपटला.

मी खूप शांत आहे. दोन गिऱ्हाइकांना एकमेकांचे चष्मे दिले, एवढंच. दोघंही म्हणाले, आता छान दिसतं.

शुक्रवार, २४ जानेवारी

वाचन बंद. कशासाठी वाचायचं? राजकन्येसाठी पुण्याहून राजकुमार येतो आहे. त्याच्याकडे शिडीही असेल, लिफ्टही असेल.

शनिवार, २५ जानेवारी

जाड पुस्तकातल्या धाकट्या सुनेचं काय झालं ते कळल्याशिवाय राहवेना. फक्त तेवढंच बघावं म्हणून उघडलं. ती सून माहेरी परत जाते त्या पानाशी मी दुकानात ढसाढसा रडलो. नेमक्या एक बाई चष्म्याची दांडी बसवायला आल्या होत्या. त्यांनी बाहेर जाऊन शेजारच्यांना विचारलं, "घरात काही झालं काय हो त्यायच्या?" शेजारी धावत आला. धाकटी सून कोण, हे त्याला समजावता समजावता नाकी नऊ आले.

सोमवार, २७ जानेवारी

ताईचा पुन्हा फोन. नितेश येऊन पाहून गेला म्हणे, त्याला मुलगी फार पसंत आहे. परवा ती शेखर म्हणाली होती. दोघे भाऊ असतील. एकाच मुलीला दोन भाऊ पाहायला येतात हे मला बरोबर वाटत नाही, पण पुण्याच्या पद्धती वेगळ्या असू शकतात.

"तुयं उत्तर झालं काय?" ताईनं विचारलं.

"झालं," मी म्हणालो. आणि बोलल्यावर कळलं की खरंच झालंय. जाड पुस्तक संपवताना झालं.

"मंग सांग ना तिले! शनिवारी ये. पोट्ट्यायसमोर सांग. प्रश्न त्यायचाच हाय."

शनिवार, १ फेब्रुवारी

आज जाऊन आलो. सगळं नीट लिहितो.

वाचनालय म्हणजे एक लांब खोली. सतरंजीवर पोरं, भिंतीला टेकून त्यांच्या आया. आत्यांनी नवी फ्रेम घातली होती. प्राजक्ता म्हणाली, "आज गोष्ट हे काका पूर्ण करणार." आणि ती माझ्या समोरच, पोरांमध्ये मांडी घालून बसली.

जिनं पहिल्यांदा हात वर केला होता ती मुलगी पुढंच होती. नाव खुशी. पुढचे दोन दात पडलेले. "काका, काय वाचत होती मंग ते?"

मी म्हणालो, "पुस्तकाचं नाव मले नाही माईत."

"अऽऽ!" सगळी खोली नाराज.

"पन एवढं माईत हाय, की शेवटची थोडीच पानं राहिली होती. राजकुमार खिडकीतून आत आला. म्हने, चला राजकन्ये, तुमची सुटका करतो. तिनं मान वर नाही केली. म्हने, थांबा, एवढं संपू द्या."

पोरं हसली. खुशी हसली नाही. "मंग तो चिडला?"

"चिडनार होता. घोडा खाली उभा होता, राक्षस कवाबी आला असता. पन त्यानं तिच्याकडं पाह्यलं. ती वाचता वाचता रडत होती अन् मधीच हासत होती. त्याले वाटलं, असं काय असन त्याच्यात? म्हनून त्यानंबी एक पुस्तक घेतलं. पहिल्यांदाच घेतलं होतं जन्मात. हत्तीचं होतं."

"मंग?"

"मंग राजकन्येचं संपलं. ती उठली, म्हने, चला. तर हा म्हने, थांबा, मायं अर्ध्यात हाय."

खोलीत असा गोंधळ उठला की आयाही हसायला लागल्या. एक पोरगा ओरडला, "अन् राक्षस?"

राक्षसाचा मी विचारच केला नव्हता. वाचनातली मोठी चूक. तेवढ्यात खुशीच म्हणाली, "राक्षस दारात उभा राहिला अन् त्यानं इचारलं, हत्तीचं तुमचं झालं की मले देता काय?" आणि गोष्ट तिथंच संपली. माझ्यापेक्षा चांगली संपली.

पोरं गेल्यावर मी पुस्तकं कपाटात लावू लागलो, हाताला काहीतरी काम हवं म्हणून. प्राजक्ता जवळ येऊन म्हणाली, "तुम्ही खिडकी केवढी आहे विचारलं ना, तेव्हाच मी आत्याला हो म्हणून सांगितलं होतं."

मला आधी वाटलं चष्म्याबद्दलच बोलतेय. मग तिचा चेहरा पाहिला आणि हातातली चार पुस्तकं खाली पडली.

"अन् पुन्याचे ते दोघं?" मी विचारलं.

"कोण दोघं?"

मोठ्या मनाची मुलगी आहे. नाकारलेल्या माणसांचं नावही घेत नाही. त्या भावांचं मला खरंच वाईट वाटलं.

मग ती खाली बसून पुस्तकं गोळा करता करता म्हणाली, "पण एक आधीच सांगते, नंतर भांडण नको. मी हे वाचनालय सोडणार नाही. लग्नानंतर अकोल्याला येऊन बसले, तर इथल्या शनिवारला कुलूप लागेल. दुसरं कोणी नाही चालवायला. आणि तुम्ही दुकान सोडा, असंही मी म्हणणार नाही. काय करायचं ते तुम्हीही विचार करून सांगा."

मी हो म्हणालो आणि निघालो. आनंदानं बसमध्ये बसलो आणि बडनेरा मागं पडेपर्यंत आनंदातच होतो. मग तिचं बोलणं डोक्यात शिरलं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आईला सांगितलं. ती पोळ्या लाटायची थांबली. "म्हंजे सून अमरावतीले अन् पोरगा अकोल्याले? मंग लग्न कायले करून राहिले? फोनवरच करा!"

मी म्हणालो, दुकान अमरावतीला नेतो. लगेच माझाच आवाज पडला. इथली म्हातारी माणसं माझ्याशिवाय दुसऱ्याला डोळे दाखवत नाहीत. शिवाय आईबाबा इथं. ती रोज इथून अमरावतीला गेली, तर संध्याकाळी येईल तेव्हा दिव्याच्या वातीसारखी झालेली असेल. आणि वाचनालय सोडून इथं येऊन बसली, तर ती माझ्यासाठी माडीवरून खाली उतरली आणि मी तिला नव्या माडीवर कोंडली, असंच होईल ना?

काही सुचत नाही. पुस्तक उघडलं, बंद केलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

बाबा रोज सकाळी एसटीनं अकोटला शेतात जातात आणि दिवस मावळायच्या आत परत येतात. लग्नाच्या बाबतीत आजवर ते पंचांगापलीकडे काही बोलले नव्हते. आज चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "मी इतके वर्ष जाऊन येऊन राहिलो. तुह्या मायले सोडलं काय म्या?"

आई म्हणाली, "तुमचं एकट्याचं हाय ते. हे पोट्टे दोघं जातीन."

"मंग दोघायनं अर्धं अर्धं जावं," बाबा म्हणाले आणि बसची वेळ झाली म्हणून उठून गेले.

मी दुकानात जाऊन बसलो. अर्धं अर्धं. मग भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा पाहिला आणि तिला फोन लावला. "मूर्तिजापूर," मी म्हणालो.

"काय झालं तिथं?"

"राहू तिथं. सकाळी तुमी अमरावतीकडं जा, मी अकोल्याकडं येतो. संध्याकाळी दोघंबी परत. रविवारी आईबाबा, नाही तं आत्या."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मी हॅलो म्हणणार होतो, पण यावेळी म्हणालो नाही.

"माझ्यासाठी गाव सोडणार तुम्ही?" ती म्हणाली. आवाज जरा ओला वाटला, सर्दी असेल.

"तुमीबी सोडूनच राहिल्या ना," मी म्हणालो.

रविवार, १३ एप्रिल

लग्न वैशाखात. आज मूर्तिजापूरला घर पाहायला गेलो. मी, प्राजक्ता, आईबाबा आणि माणिकबाई. दोन खोल्या, मागे कडुलिंब, पाणी रोज येतं. मालकीणबाई भावनाताई किल्ली घेऊन आल्या होत्या. बाबांनी नळ सोडून पाहिला. माणिकबाईंनी भिंती ठोकून पाहिल्या. आईचं तोंड अजून जरा फुगलेलंच होतं. घरात एकच खुर्ची होती, तिच्यावर ती बसून राहिली.

मी मागच्या स्वयंपाकघरात ओट्याची उंची मोजत होतो, तेव्हा आईचा आवाज आला. "काव प्राजक्ता, तुही ते राजकन्या सुटली. आता काय वाचते ते?"

"आता?" प्राजक्ता म्हणाली. "आता तिला सांगायला माणसं आहेत, आई. म्हणून काहीही वाचते आणि येऊन सांगते."

आईनं खुर्ची जरा पुढं ओढली. मग म्हणाली, "मंग सांग ना. सध्या काय वाचून राहिली तू?"

प्राजक्ता आईच्या पायाशी जमिनीवर बसली आणि सांगू लागली. एका बाईची गोष्ट होती, जी नवऱ्याला न सांगता पोहायला शिकते. आई मध्ये मध्ये विचारत होती. "अन् सासू काय म्हने?" "लुगडं नेसून पोहते काय ते?" बाबा नळ बंद करायचा विसरले. माणिकबाई भिंतीला टेकल्या. भावनाताई किल्ली हातात धरून उंबऱ्यातच खाली बसल्या. गोष्ट विहिरीपाशी आली, नवरा वर काठावर येऊन उभा राहिला, आणि आई पुढं वाकून म्हणाली, "मंग? मंग काय झालं?"

ते पुस्तक प्राजक्तानं मला मागच्याच आठवड्यात दिलं होतं. मी हातातला टेप टाकला आणि स्वयंपाकघरातून जोरात ओरडलो, "थांब व! शेवट नको सांगू! मायी बाई आता कुठं पान्यात उतरून राहिली!"